क्लच सुटेना, आणि मी दाते मोजून फसलो



आज पिकाचं नाही, जीपचं लिहितो. पण ज्याच्या दारात ट्रॅक्टर, पिकअप, जीप असलं काही उभं आहे त्यानं शेवटपर्यंत वाचा. माझे दहा दिवस गेले, पैसे गेले, आणि एका चांगल्या पोराला चार माणसांत नको ते बोललो. तुमचं तरी वाचावं म्हणून लिहितोय.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यात, नांदेड जिल्ह्याच्या शिवेला. इकडं लातूर, तिकडं नांदेड, दोन्ही सारखंच लांब पडतं. दारात जुनी डिझेल जीप आहे, सेकंडहँड घेतलेली. सोयाबीनची पोती मोंढ्यात न्या, खत आणा, आईला दवाखान्यात न्या, सगळं तिच्यावरच.

२०२४ च्या दिवाळीनंतर जीप चढाला ओढेना. इंजिन ओरडायचं, गाडी जाग्यावर, आणि जळका वास. क्लच घसरत होता, म्हणजे प्लेट झिजली होती. त्या साली सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये, आणि मोंढ्यात भाव त्याच्या बराच खाली. हातात पैसा कमी. मग गाडीच्या कंपनीचा सेट न घेता नांदेडच्या एका दुकानातून बाहेरचा सेट आणला. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग.

दुकानदारानं गाडीचं साल विचारलं, मी आरसी बुकातलं साल सांगितलं. त्यानं प्लेट काढून दिली. मी काही येडा नाही, घेताना बघून घेतली. जुनीचा व्यास आणि मधल्या भोकातले दाते मोजून गेलो होतो. व्यास बरोबर, दाते बरोबर. माळेगावच्या यात्रेत बैलाचे दात बघून घेतल्यासारखा खूश होऊन आलो. जुनी प्लेट त्याच संध्याकाळी भंगारवाल्याला दिली.

अहमदपूरला एक आयटीआय झालेला पोरगा आहे, मला मामा म्हणतो. १८ डिसेंबरला त्यानं गिअरबॉक्स उतरवून सेट बसवला. गाडी हातात देताना म्हणला, "मामा, गिअर जरा कडक पडालेत. नवीन हाय, दोन दिवसांत बसंल." रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज यायचा. मीही म्हणलं बसंल. अंधार पडायच्या आत घर गाठायचं होतं.

आमचा हँडब्रेक ढिला आहे, म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये लावून ठेवायची माझी सवय. सकाळी उठलो, बसलो, क्लच पूर्ण दाबला आणि चावी फिरवली. पाय क्लचवर तसाच आणि जीपनं पुढं उडी मारली! समोर हौदापाशी आई भांडी घासत होती. जीप हौदाच्या कडेला धडकली आणि बंद पडली. आई आणि बंपर यांच्यात वीतभर जागा राहिली होती. आई काही बोलली नाही. राखेचा हात तसाच वर धरून माझ्याकडं बघत राहिली.

मंडळी, बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी एवढं ठेवा. क्लचचं काम केल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवून कधीच चालू करू नका. न्यूट्रल, चाकाला पुढं-मागं दगड, आणि समोर माणूस, लेकरू, जनावर नाही हे बघून मगच चावी.

भीती गेली की माणसाला राग येतो. मी फटफटीवर अहमदपूरला गेलो आणि त्या पोराला गिऱ्हाइकांसमोर म्हणलं, "तुझ्या हातात पाना द्यायच्या लायकीचा नाहीस तू." तो एवढंच म्हणला, "मामा, परत खोलून बघू." मी ऐकलं नाही. दोन दिवसांनी एसटीनं नांदेड गाठलं, दुकानदाराशी भांडायला. माल डुप्लिकेट आहे हे मनात पक्कं होतं.

दुकानदार वयस्कर माणूस. सगळं ऐकून घेतलं, चहा सांगितला आणि तीन प्रश्न विचारले. पेडल दाबल्यावर खालची दांडी किती मिलिमीटर सरकते? जुनी प्लेट सोबत आणली का? आणि बुकात जे इंजिन आहे तेच गाडीत आहे का?

दांडी मोजलेली नव्हती. जुनी प्लेट भंगारात. आणि तिसऱ्या प्रश्नाला माझा चहा हातातच राहिला. जीप घेताना आधीच्या मालकानं सांगितलं होतं की इंजिन दुसऱ्या मॉडेलचं टाकलंय. बुकात ते चढवून घ्यायला पाहिजे होतं, मी कधी घेतलं नाही. सातबाऱ्यावर विहीर असावी आणि रानात नसावी, तसा प्रकार. दुकानदाराला मी कागदावरची गाडी सांगितली होती, दारातली नाही.

तरी तो म्हणला, "लगेच त्याच्यावर बोट ठेवू नका. आधी मोजा. वरून खाली या. पेडलपासून सुरू करा, प्लेटवर शेवटी जा."

परत आलो, पोराच्या गॅरेजवर गेलो. काय बोलावं सुचेना. "चल बाबा, तू म्हणत होतास तसं बघू," एवढंच म्हणलं. पोरगा पाना घेऊन मागं बसला.

आता काय काय बघितलं ते क्रमानं सांगतो. आधी एक लक्षात घ्या, क्लच घसरणं आणि क्लच न सुटणं हे दोन उलटे रोग आहेत. प्लेट ही फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यात दाबलेली असते, दोन तळहातांत कागद दाबावा तशी. दाब कमी पडला की प्लेट घसरते. पेडल दाबलं की तळहात सैल होऊन कागद मोकळा व्हायला पाहिजे. तो मोकळा झाला नाही तर इंजिन गिअरबॉक्सला फिरवतच राहतं. ओळखायची खूण सोपी आहे. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात, आणि इंजिन चालू केलं की कर्रर्र करतात. रिव्हर्सला आवाज सगळ्यात जास्त.

पहिलं, पेडल. पोरानं पायाखालचं गोणपाट ओढून काढलं. चिखल लागू नये म्हणून मी घडी घालून टाकलेलं. त्याच्यामुळं पेडल दोन बोटं वरच अडत होतं. मान खाली घातली.

दुसरं, हवा. आमच्या जीपला क्लचची वायर नाही, तेलावर चालतो. वर मास्टर सिलिंडर, खाली स्लेव्ह सिलिंडर. काम करताना नळी सुटली होती, तेव्हा आत हवा शिरली. हवा दबते, तेल दबत नाही, त्यामुळं पायाचा जोर हवेतच जिरतो. नळीचं एक टोक खालच्या निपलला, दुसरं ब्रेक ऑईल घातलेल्या बाटलीत. मी पेडल दाबून धरायचं, त्यानं निपल ढिला करायचा, बुडबुडे आले की घट्ट करायचा, मग मी पाय सोडायचा. मधूनमधून वरच्या डब्यात ऑईल भरायचं, तो रिकामा झाला की परत हवा शिरते. आणि त्यात ब्रेक ऑईलच घाला. इंजिन ऑईल घातलं तर आतले रबर फुगून बाद होतात.

तिसरं, मोजणी. स्लेव्हची दांडी किती सरकते ते पट्टीनं मोजलं. गोणपाट आणि हवा असताना ९ मिलिमीटर, दोन्ही काढल्यावर १५. माझ्या गाडीचे आकडे आहेत, तुमच्या गाडीचे वेगळे असतील. पण मोजल्यामुळं एवढं कळलं की वरचं काम आता सुधारलं. ज्यांच्या गाडीला वायर आहे त्यांनी वायरचं सेटिंग आणि तुटलेल्या तारा बघाव्यात.

गिअर बरेच सुधारले. पण रिव्हर्स अजून कर्रर्र करायचा.

चौथं, चाक उचलून. मागचं एकच चाक उचललं, दुसरं जमिनीवरच ठेवलं, पुढच्या चाकांना दगड लावले. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवला नाही, खाली लाकडी ठोकळे दिले. इंजिन बंद, गिअर टाकलेला, मी पेडल दाबून बसलो आणि पोरानं चाक हातानं फिरवलं. क्लच पूर्ण सुटला असता तर चाक मोकळं फिरलं असतं. ते अडत-अडत फिरत होतं. म्हणजे आत काहीतरी घासत होतं.

पाचवं, फोर्क. रबर काढून आत बॅटरी मारली. फोर्क जाग्यावर होता, वाकलेला नव्हता.

आता खोलण्याशिवाय इलाज नव्हता. २४ तारखेला गिअरबॉक्स परत खाली. प्लेट उलटी बसलीय का हे पोरानं आधी बघितलं. बऱ्याच प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू कोरलेली असते. बरोबर बसवली होती. शाफ्टवर सरकवून बघितली, तीही मोकळी सरकत होती. मग त्यानं प्लेट माझ्या हातात दिली. मधल्या स्प्रिंगच्या पत्र्यावर गोल, चकचकीत घासल्याची रेघ होती. आणि तसलीच चमक फ्लायव्हीलच्या बोल्टांच्या डोक्यावर.

बुकातल्या मॉडेलला प्लेट बरोबर होती. गाडीतल्या इंजिनचं फ्लायव्हील वेगळं, त्याच्या बोल्टांची डोकी वर आलेली. प्लेटचा मधला भाग त्या डोक्यांना टेकत होता. मग पेडल किती का दाबा, प्लेट घासून फिरतच राहणार.

पोरगा भंगारवाल्याकडं गेला. ढिगातून आमची जुनी प्लेट शोधून काढली, विकली त्याच्यापेक्षा जास्त पैसे देऊन परत आणली. स्टीलची पट्टी आडवी धरून मोजलं. नवीन प्लेटचा मधला भाग फ्लायव्हीलच्या बाजूला जुनीपेक्षा ३ मिलिमीटर जास्त बाहेर होता. व्यास तोच, दाते तेवढेच. मी दाते मोजले आणि उंची मोजलीच नाही. माळेगावला जाणता माणूस बैलाचे दात बघतो आणि वर चार पावलं चालवूनही बघतो. चालवून बघायचं मी विसरलो.

जुनी प्लेट पिशवीत घालून परत नांदेड. दुकानदारानं शेजारी ठेवून जुळणारी प्लेट काढली, तीही बाहेरच्या कंपनीचीच. आधीची वापरलेली, त्यानं परत घेतली नाही आणि मी मागितलंही नाही. चूक माझी होती.

या वेळी बसवताना पोरानं प्लेट आधी नुसती हातानं फ्लायव्हीलवर ठेवून फिरवली, कुठं टेकत नाही हे मला दाखवलं, मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन प्लेटवर लटकू दिलं नाही, लटकलं की प्लेट वाकते आणि परत तोच रोग. २८ तारखेला गाडी निघाली. रिव्हर्स न आवाज करता पडला.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी एक. ट्रॅक्टर पावसाळ्यात महिनो न् महिने उभा राहिला की दमटपणानं प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, आणि नवा-जुना कुठलाही क्लच सुटत नाही. काही ट्रॅक्टरला क्लच दाबून अडकवून ठेवायची कडी असते, जास्त दिवस उभा करायचा असेल तर ती लावा. नसेल तर अधूनमधून चालू करून चार फेऱ्या मारा.

आणखी एक मनात आलं ते लिहितो. सोयाबीन पेरायच्या आधी आपण १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवतो, ७० च्या वर उगवले तरच ते बियाणं पेरतो. हे मी दरसाल करतो, गावालाही सांगतो. उगवलं नाही की आधी बियाण्याला शिव्या देऊ नका, खोली बघा, ओल बघा, असंही सांगतो. क्लचच्या वेळी माझंच शहाणपण मला आठवलं नाही. गोणपाट होतं, पण पेडलखाली.

३० डिसेंबरला येळवस होती. आईला पुढं बसवून जीपनंच रानात गेलो. पोराला आदल्या दिवशीच आवतण दिलं होतं, तो आला. गिऱ्हाइकांसमोर बोललो होतो, म्हणून कोपीपाशी सगळे पाहुणे बसलेले असताना म्हणलं, "चूक याची नव्हती, माझी होती." पोरगा म्हणला, "हवा माझ्याकडून राहिली होती की मामा." आईनं त्याच्या पुढ्यात भज्जी वाढली, आंबिलीचा तांब्या भरून दिला आणि म्हणली, "खा बाळा. याचं नको ऐकू."

जुनी प्लेट आता आखाड्यात खुंटीला टांगलीय. आणि जीपच्या बॉनेटच्या आतून ऑईलपेंटनं लिहून ठेवलंय: इंजिन बुकातलं नाही. कुठलाही पार्ट घेताना जुना सोबत न्यावा. पोरगा म्हणतो, बुकातही चढवून घ्या मामा. त्याचे कागद गोळा करतोय.