गटाराची पट्टी

गेल्या वर्षीं पावसाळा सरतां सरतां आमच्या आळींतील बावीस घरांस नगरपालिकेची नोटीस आली. आळींतून भुयारी गटार घालण्याचें ठरलें असून, खर्चाचा कांहीं भाग घरमालकांकडून घराच्या रस्त्याकडील लांबीप्रमाणें, फुटामागें दर लावून, वसूल होणार होता. जोडणीची फी व रस्ता फोडल्याची भरपाई निराळी. हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी, असें खालीं लिहिलें होतें. ज्या गटारासाठीं दहा वर्षें अर्ज केले, तें दाराशीं येतांच त्यास हरकत कशी घ्यावी याचा खल करण्यास त्याच रात्रीं सर्वजण आमच्या ओटीवर जमले.

हरकत नव्हती ती एकट्या आमची. आमचें घर चढावर. रस्त्याकडे तोंड अवघें तीस फूट, परंतु मागें लांबवर गेलेलें, वर दोन मजले, आणि आमच्याखेरीज तीन बिऱ्हाडें. फुटाचा दर आम्हांस स्वस्त पडत होता. अर्थात् हें कारण आम्हीं बोलून दाखविलें नाहीं. आम्हीं तत्त्व सांगितलें. मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना कायद्यापासून असें चालत आलें आहे कीं, सार्वजनिक सुधारणेनें जमिनीची किंमत वाढली तर त्या वाढीच्या निम्म्यापर्यंत वांटा मालकाकडून घेतां येतो. ज्याची जागा रस्त्यास जास्त लागलेली, त्याचा लाभ जास्त. शिवाय फीत लावून मोजावयाचें, म्हणजे वशिल्यास जागा नाहीं. मंडळींस तें पटलेंसें दिसलें. (शिकलेला मनुष्य आपला फायदा तत्त्वाच्या भाषेंत सांगूं लागला म्हणजे तो बहुधा पटतो.)

उतारावरच्या शेवटच्या घरांतील काकू तेवढ्या गप्प होत्या. त्यांचें घर कोपऱ्यावरचें. दोन बाजू रस्त्यास लागलेल्या, मिळून ऐंशी फूट. वयानें थकलेल्या, घरांत एकट्या, आणि यजमानांच्या मागें मिळणाऱ्या निवृत्तिवेतनावर सारा निर्वाह. निघतांना त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, माझ्या एकटीचं मोरीचं पाणी ऐंशी फुटांचं कसं हो झालं?"

"काकू, तुमच्या जागेचा भाव वाढेल ना!"

"मला कुठं विकायचीय?" असें म्हणून त्या पायऱ्या उतरल्या.

हें उत्तर आम्हांस अंथरुणावर पडल्यावर बोंचूं लागलें. भाववाढ जमीन विकील त्या दिवशीं हातीं येणार. पट्टी आज द्यावयाची. आणि गटार म्हणजे कांहीं रस्ता नव्हे. घरांत किती माणसें पाणी सांडतात यावर त्याचा उपयोग. हा प्रश्न नवाही नाहीं. १८५८ च्या उन्हाळ्यांत थेम्स नदीच्या दुर्गंधीनें लंडनमध्यें पार्लमेंटचे सभासद हैराण झाले, तेव्हां बॅझलजेट यांच्या मोठ्या गटारांचा खर्च नदीकाठच्या घरांवर लादला गेला नाहीं. मालमत्तेच्या आकारणीवर पौंडामागें तीन पेन्स अशी पट्टी साऱ्या शहरावर बसली. दूर उंचावर राहणाऱ्यांचेंही सांडपाणी अखेर नदींतच येत होतें.

तथापि आमचा पक्ष ढळला तो लंडनमुळें नव्हे. आठवड्यानें नगरपालिकेचे ओव्हरसियर उतार मोजावयास आले. चार इंची नळास चाळीस फुटांत एक फूट उतार पाहिजे, सहा इंचीस साठांत एक, असें समजावीत त्यांनीं आमच्या मागील अंगणांतील सेप्टिक टँकवरची फरशी उचलविली. शेवटची कधीं उपसली, असें विचारलें. आम्हीं कांहींशा अभिमानानें सांगितलें कीं, चवदा वर्षें झालीं. टाकी भक्कम, एकदांही तुंबली नाहीं.

ते हंसले. "दोन-तीन वर्षांनीं उपसावी लागते, साहेब. चार बिऱ्हाडांची टाकी चवदा वर्षं तुंबत नाहीं, तर मग जातं कुठं सगळं?" आणि त्यांनीं उताराच्या दिशेनें पाहिलें.

वर हातभर माती, मग मुरूम, आणि त्याखालीं भेगाळलेला काळा दगड. उताराच्या टोंकाला काकूंची विहीर. तिचें पाणी पिणें त्यांनीं सात-आठ वर्षांपूर्वींच सोडलें; विहीर जुनी झाली, असें त्या म्हणत, आणि आम्हीही मान डोलवीत होतों. आमच्याच टाकीमुळें ती नासली हें सिद्ध करतां येणार नाहीं. मध्यें आणखी नऊ घरें आहेत. पण सिद्ध होण्याची वाट पाहावी असें आम्हांस त्या दिवशीं वाटलें नाहीं.

ती चवदा वर्षांपूर्वींची उपसणीही आठवली. तेव्हां एक मनुष्य कमरेला दोर बांधून आंत उतरला होता. संरक्षणाच्या साधनांवांचून कोणास असें उतरविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरलें. तो कायदा त्यानंतरचा, परंतु टाकींतला विषारी वायु कांहीं कायद्याची वाट पाहत थांबला नव्हता. वर आल्यावर त्यास चहा दिला, तो निराळ्या ठेवलेल्या कपांतून. हें लिहितांना लाज वाटते. टाक्या बुजल्या तर निदान आमच्या आळींत कोणास टाकींत उतरावें लागणार नाहीं, हा लाभ नोटिशींत नव्हता आणि आमच्या व्याख्यानांतही नव्हता.

तिसाव्या दिवशीं आम्हीं आमची हरकत नेऊन दिली: पट्टी रस्त्याच्या फुटांवर नसावी, बिऱ्हाडांच्या व नळांच्या संख्येवर असावी. त्या हिशेबानें आमचा वांटा जवळजवळ तिप्पट होत होता. घरांत दोन दिवस अबोला झाला, आणि ओटीवर जमणाऱ्यांपैकीं कित्येकांनीं आम्हांस फितूर ठरविलें. ज्यांचीं घरें रुंद, त्यांनीं मात्र आनंदानें सह्या केल्या. तेव्हां त्या सह्यांचें फारसें कौतुक नको. अखेर निम्मी पट्टी फुटांवर व निम्मी नळांवर, चार हप्त्यांत, असें ठरलें. काकूंस तीही जड आहे, पण पहिला हप्ता सर्वांच्या आधीं त्यांनींच भरला.

त्यांची जोडणी माघांत झाली. आमची अडली आहे, कारण मागल्या दोन मोऱ्यांचा उतार उलटा निघाला. त्या उखडून पुन्हां बांधाव्या लागतील. टाकी यंत्राच्या गाडीकडून उपसून घेतली खरी, परंतु तोंवर जें पाझरतें तें तिकडेच पाझरत आहे. ती बुजल्यावर एक पावसाळा जाऊं देऊन विहिरीचें पाणी तपासावयास द्यावें, असें काकूंशीं बोलणें झालें आहे. बाटल्या आम्हीं आणून ठेवल्या आहेत.