पाने तीनच, पण कोणाची?

साहित्याच्या वाटेने आलेल्या आम्हां मंडळींना झाडे आधी शब्द म्हणून भेटली. शब्दार्थाच्या टिपांत पळस, पांगारा, ऐन, किंजळ यांपुढे बहुधा 'वृक्षविशेष' एवढेच लिहिलेले असे. त्यातला 'विशेष' काय, हे शोधण्यासाठी गेली काही वर्षे आम्ही सुटीच्या दिवशी सह्याद्रीच्या पायथ्याशी हिंडतो.

तिथला पहिला धडा हा की, फुलावर विसंबू नये. फुले वर्षातून काही आठवडेच असतात. एरवी झाड ओळखायचे ते पान, साल आणि फळ पाहून. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण आपण सारेच वापरतो. पण एका देठावर तीन दले पांगाऱ्यालाही असतात, आणि दोघेही निष्पर्ण होऊन तांबडे-केशरी फुलतात. तेव्हा आणखी जवळ जावे लागते. पांगाऱ्याच्या फांद्यांवर काटे असतात, पळसाला नसतात. पळसाचे पान जाड व चिवट, म्हणून त्याची पत्रावळ होते. पांगाऱ्याच्या शेंगेत अनेक बिया, तर पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाशी एकच. त्याच्या शास्त्रीय नावातला 'मोनोस्पर्मा' म्हणजे एकबीजी. रुक्ष वाटणारे हे नाव म्हणजे एक नेमके निरीक्षण आहे.

ऐन आणि किंजळ तर एकाच कुळातले भाऊबंद. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, आणि फळाला पाच पंख. किंजळीच्या फळाला तीन, त्यांतला एक मोठा. हे कळण्यासाठी वाकून गळलेली फळे वेचावी लागतात. कवितेतला एखादा प्रत्यय तपासताना जी चिकाटी लागते, तीच इथेही लागते.

ही केवळ हौस नव्हे. अनेक टेकड्यांवर वनीकरणात मध्य अमेरिकेतले गिरिपुष्प लावले गेले. ज्याला सारेच 'हिरवे' दिसते, त्याला तिथला पळस नाहीसा झाल्याचे कळणारच नाही. शब्द मात्र कोशात सुखरूप राहील. गुरे राखणारी एखादी आजी आजही झाडामागून झाड नावानिशी सांगते, आणि तिच्या सोबतचे नातवंड शाळेत 'वृक्षविशेष' पाठ करते. या दोघांच्या मध्ये आपण शिक्षक उभे आहोत. पळसाची कविता शिकवायची असेल, तर फाल्गुनात एकदा वर्ग टेकडीवर न्यावा.