देवमाशाच्या पाठीवरचे बिऱ्हाडकरू

सॅन दिएगोची सीमा ओलांडून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात शिरलं, की साधारण साडेआठशे किलोमीटरवर सॅन इग्नासिओ लागतं. निवडुंगांच्या वाळवंटातून दोन दिवस गाडी हाकावी, आणि समोर एकदम खजुरीची झाडं नि जुनं दगडी चर्च! तिथून तासा-दीड तासावर खाडी. अलास्काकडच्या थंड समुद्रातून हजारो किलोमीटर पोहत ग्रे व्हेल इथे येतात. हिवाळ्यात बाळंतपणं इथेच.

लोक जातात ते देवमाशाला हात लावायला. १९७२ साली पाचिको मायोराल या कोळ्याच्या होडीशी एक व्हेल आपणहून आली, त्याने भीत भीत हात लावला, आणि तेव्हापासून हे सुरू झालं. त्याआधीचे शिकारी याच प्राण्याला ‘सैतान मासा’ म्हणत!

आम्ही गेलो तेव्हा बरोबर रत्नागिरीहून आलेल्या सासूबाई होत्या. एक मादी होडीला घासून गेली. मुलं तिच्या डोळ्याकडे बघतायत, तर सासूबाई पाठीकडे. “अगो, हे काय चिकटलंय हिला? आपल्याकडे कातळावर पाय कापतो, तसलंच दिसतंय.”

बरोबर ओळखलं. ती बार्नाकल. कातळावरच्या बार्नाकलची ही चुलत भावंडं, कुळ खेकडे-कोळंबीचं. पण ही जात जवळजवळ फक्त ग्रे व्हेलवरच राहते. पिल्लू जन्मतं तेव्हा गुळगुळीत असतं. लवकरच ही मंडळी त्याच्या कातडीत रुतून बसतात. ती व्हेलला खात नाहीत. व्हेल पोहते तसं पाणी अंगावरून वाहतं, त्यातलं बारीकसारीक पिसासारख्या पायांनी गाळून घ्यायचं. थोडक्यात, घर फिरतं आणि जेवण दारात! बहुतेक व्हेल उजव्या कुशीवर होऊन तळाचा चिखल उपसतात, त्यामुळे त्या बाजूला बिऱ्हाडं कमी. सगळी घासून निघतात.

बार्नाकलच्या आसपास ‘व्हेलच्या उवा’. नावालाच उवा, याही कवचधारीच. यांना पोहताच येत नाही. अंगाला अंग लागलं की एका व्हेलवरून दुसरीवर, एवढाच यांचा प्रवास. सुटलं की संपलं. त्यांतल्या एका जातीला स्कॅमन या कप्तानाचं नाव दिलंय, ज्याने १८५७ च्या सुमारास याच किनाऱ्यावरच्या खाड्यांत व्हेलची कत्तल केली. शास्त्रज्ञांनाही विनोदबुद्धी असते म्हणायची.

मला सगळ्यांत नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. बार्नाकलचं कवच थराथराने वाढतं, आणि थर बनताना आसपासचं पाणी कसं होतं याची खूण ऑक्सिजनच्या रूपात त्यात राहते. १९८० साली किलिंग्ली नावाच्या संशोधकाने त्यावरून ग्रे व्हेलचा प्रवास वाचून दाखवला. पुढे २०१९ मध्ये लाखो वर्षांपूर्वीच्या बार्नाकलच्या जीवाश्मांवरूनही असंच वाचन झालं. त्या व्हेल कधीच गेल्या, प्रवासाची वही तेवढी उरली.

आता काळजीची गोष्ट. २०१६ मध्ये या किनाऱ्याच्या ग्रे व्हेल सुमारे २७,००० होत्या, २०२३ पर्यंत जेमतेम साडेचौदा हजार उरल्या. उत्तरेत खाणं कमी पडतंय. रोडावलेली, मंदावलेली व्हेल असली की तिच्यावर उवांची गर्दी होते, म्हणून होडीवाला आधी पाठ बघतो.

आमच्या मादीची पाठ त्याने बराच वेळ न्याहाळली, मग सासूबाईंना अंगठा उंचावून दाखवला. त्यांनी पदर सावरला, वाकून हात लावला, आणि म्हणाल्या, “खरखरीत आहे गो, पण ऊबदार.”