टप उतरविण्यापूर्वी

वाचकहो, मोटारीचे छत किती कामे करते याचा हिशेब आपण सहसा मांडीत नाही. ऊन अडविणे आणि पाऊस अडविणे ही दोन कामे चटकन आठवतात. परंतु तेच छत वाऱ्याचा मारा थोपविते, धूळ बाहेर ठेवते, रस्त्याचा गोंगाट सौम्य करते आणि गाडी उभी करून आपण चहाला गेलो म्हणजे आतल्या चीजवस्तूंची राखणही करते. टप उतरविला की हे सारे सेवक एकदम रजेवर जातात. त्यांची कामे मग दुसऱ्या कोणावर तरी सोपवावी लागतात, आणि त्यासाठी गाडीत काय काय बाळगावे हे आज आपणांस सांगावयाचे आहे.

उघड्या टपाची मोटार म्हटली की परदेशी चित्रपटांतील समुद्रकाठचे रस्ते डोळ्यांपुढे येतात. आपल्याकडे पुष्कळांची ओळख आहे ती कॅनव्हासच्या टपाच्या जीपशी. पुढे २०१० साली महिंद्रची थार आली, आणि २०२० साली तिच्या नव्या आवृत्तीत दुमडता येणारे कापडी छतही मिळू लागले. बटण दाबताच छत मिटून घेणाऱ्या परदेशी गाड्याही मोठ्या शहरांतून क्वचित दिसतात. गाडी कोणतीही असो, ऊन आणि वारा तिची किंमत विचारीत नाहीत.

माझे सासर इंदूरचे. मी स्वतः दिल्लीस भाषांतराच्या मेजाशी बसलेली असते. परंतु दर हिवाळ्यात आठ-दहा दिवस इंदूरला जाणे ठरलेले. मामंजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. त्यांची उमेदीची वर्षे निमाडात, कालव्यांच्या कामावर, उघड्या जीपमधून हिंडण्यात गेली. आज ते ८१ वर्षांचे आहेत. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे, गुडघे कुरकुरतात. पण अंगणातली जुनी जीप विकावयाचा विषय निघाला की ते उठून आत जातात. वर्षातून त्यांचे मागणे एकच असते : एकदा टप उतरवून महेश्वरपर्यंत जाऊन यावयाचे.

सासूबाईंना हे पसंत नाही. नणंदेचे म्हणणे असे की, काचा बंद असलेल्या थंड गाडीतून बाबांना तेथेच नेता येईल. नेता येते, यात शंका नाही, एकदा नेलेही. तेव्हा ते महूपासून धामनोदपर्यंत झोपून राहिले. जीपमध्ये बसले म्हणजे मात्र ते प्रत्येक मोरी ओळखतात, कोणती कोणत्या पावसाळ्यात वाहून गेली होती ते सांगतात, आणि पुढचे दोन महिने त्यांना जेवण गोड लागते. तेव्हा आमच्या घरापुढचा प्रश्न हौसेचा राहिला नाही. ८१ वर्षांचे शरीर नव्वदेक किलोमीटर उघड्यावरून सुखरूप न्यावयाचे आणि परत आणावयाचे, हा तो प्रश्न आहे. डॉक्टरांनी होकार देताना ज्या अटी घातल्या, त्यांतूनच आमची जीपमधली पत्र्याची पेटी भरत गेली.

ही वाट उघड्या गाडीची चांगली परीक्षा पाहते. इंदूर माळव्याच्या पठारावर, महेश्वर खाली नर्मदेच्या काठी. मधल्या मानपूरच्या घाटाने गाडी सुमारे चारशे मीटर खाली येते. डिसेंबरात सकाळी पठारावर दात वाजतात आणि दुपारी निमाडात स्वेटर अंगावर ठेववत नाही. म्हणून एकाच प्रवासात लोकरीची शाल, कानटोपी आणि पांढरा सुती सदरा या तिन्ही गोष्टी हाताशी लागतात. आम्ही टपही महूची वस्ती आणि तेथील मालमोटारींचा धूर मागे पडल्यावरच उतरवितो.

उघड्या गाडीतला सर्वांत मोठा फसवा म्हणजे वारा. ऊन अंगाला लागत असते, पण वारा ते जाणवू देत नाही. घाम येतो तो तत्काळ वाळतो, त्यामुळे शरीरातले पाणी किती गेले हे कळत नाही. त्यातून उतारवयात तहानेची जाणीवच मंदावलेली असते. यासाठी आमच्याकडे पाणी घड्याळावर दिले जाते : दर अर्ध्या तासाने चार घोट, मागितले असो वा नसो. बाटली नळीची असावी; चालत्या जीपमध्ये पेल्याने पाणी प्यावयाचे म्हणजे सदऱ्याला पाजावयाचे. मीठ-साखरेची तयार पुडकी, ज्यांना ओआरएस म्हणतात, तीही दोन ठेवावीत. रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र ती घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांस विचारून ठेवलेले बरे.

सनस्क्रीन ही चैनीची वस्तू आहे असा समज जुन्या पिढीत आहे. मामंजी त्याला लोणी म्हणतात, पण लावून घेतात. ३० किंवा त्याहून अधिक एसपीएफचे मलम दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते, आणि जागा विसरतात त्या ठरलेल्या : कानांच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, विरळ केसांमधली टाळू आणि चालकाचे चक्रावरचे हात. आपणांपैकी जे डोंगराळ प्रांतांत राहतात त्यांनी अधिकच जपावे. दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते, हवा कितीही गार असली तरी.

डोक्यावर काय घालावे यावर आमच्या घरी बराच खल झाला. रुंद काठाची हॅट छायाचित्रात शोभते आणि पहिल्या वळणावर उडते. हनुवटीखाली बंद बांधावयाची सुती टोपी सर्वांत सोयीची. गळ्याभोवती लांब वस्त्र मात्र मोकळे सोडू नये. इझाडोरा डंकन ही जगद्विख्यात नर्तिका १९२७ साली फ्रान्समधील नीस शहरी उघड्या मोटारीतून निघाली असता तिच्या गळ्यातला लांब रेशमी रुमाल चाकात गुंतला आणि तिचा तेथेच अंत झाला. आपल्याकडे पदर, ओढणी आणि उपरणे ही नित्याची वस्त्रे. म्हणून पेटीत चार मोठ्या सेफ्टी पिना ठेवल्या आहेत, आणि गाडी हलण्यापूर्वी सासूबाई सर्वांचे पदर स्वतः तपासतात. (त्या येत नाहीत, पण तपासतात.)

डोळ्यांचे प्रकरण आमच्यापुरते सर्वांत नाजूक. साध्या काळ्या चष्म्याच्या कडांतून धूळ शिरते. दोन्ही बाजूंनी झाकणारा चष्मा घ्यावा. निमाडात कापूस आणि मिरची ही दोन्ही पिके मोठी. खरगोन जिल्ह्यातील बेडिया येथे मिरचीचा मोठा बाजार भरतो. हंगामात वाळल्या मिरचीच्या पोत्यांनी लादलेला ट्रक पुढे असला की त्याच्यामागून उघड्या गाडीने जाणे म्हणजे काय, ते अनुभवावाचून कळावयाचे नाही. अशा वेळी त्याला ओलांडून जाण्याची घाई करू नये. गाडी बाजूला घ्यावी, दहा मिनिटे थांबावे, ट्रक दूर जाऊ द्यावा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेले थेंब, स्वच्छ पाण्याची वेगळी बाटली आणि धुतलेले मऊ फडके आम्ही वरच्याच कप्प्यात ठेवतो. धुळीसाठी नाकातोंडावर बांधावयाचा मास्कही तेथेच असतो.

कानांची आठवण फार थोड्यांना होते. दिवसाला आठ तास ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज ही कामगारांसाठी मानलेली मर्यादा. भरधाव उघड्या गाडीत वाऱ्याचाच आवाज तिच्या वर जातो. यावर बोळ्यांपेक्षा सोपा उपाय म्हणजे वेग कमी ठेवणे. आमची जीप ताशी साठच्या वर जात नाही. (जाऊ शकत नाही, असे माझे दीर म्हणतात.) चालकाने तर कान मोकळेच ठेवावेत.

खाण्याचे पदार्थ निवडताना वाऱ्याचा विचार करावा. चिवडा, कुरमुरे, शेव ही मंडळी उघड्या गाडीची नव्हेत. ती मागच्या आसनावरच्या माणसाच्या केसांत सापडतात. दशम्या, गूळपोळी, मेथीचे लाडू, सोललेली संत्री उत्तम. मांडू किंवा ओंकारेश्वरकडे जाणार असाल तर खाण्याचा डबा कडीचा आणि नजरेआड असावा, कारण तेथील वानरांना टपाचा अडसर नसलेली गाडी म्हणजे आपल्यासाठीच आलेले ताट वाटते. कुलपाची पेटी जमिनीला बोल्टांनी पक्की केलेली असावी. कागदपत्रे तीत, औषधे मात्र उन्हात तापणाऱ्या पेटीत न ठेवता माणसासोबत न्यावीत. मोकळ्या सामानावर ताणून बसवावयाची रबरी जाळी मिळते, तीही घ्यावी. आसनांवर जुनी चादर टाकून ठेवावी. भर दुपारी तापलेले रेक्झिन आणि पट्ट्याचे लोखंडी बक्कल चटका देतात.

पट्ट्यांविषयी मात्र मी हट्टी आहे. जुन्या जीपला ते नव्हते. आम्ही बसवून घेतले. टप उघडा असला की मुलांना उभे राहून हात पसरावेसे वाटते, आणि मोठेही कौतुकाने पाहतात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९४ ब नुसार चौदा वर्षांखालील मुलांना पट्टा किंवा बालआसन आवश्यक आहे, आणि दंड एक हजार रुपये आहे. दंडाचे जाऊ द्या. छतच नसलेल्या गाडीत माणसाला आत धरून ठेवणारी दुसरी वस्तू कोणती?

राहिला पाऊस. हिवाळ्यातील अवकाळी पावसास माळव्यातही मावठा असेच म्हणतात. भाषांतराचे काम करणाऱ्यास असा शब्द आयता भेटला की बरे वाटते. तो आकाशात दिसल्यावर टप चढविण्याचा सराव सुरू करू नये. घरी, अंगणात, दोघांनी मिळून दोन वेळा टप लावून-काढून पाहावा. आम्हांस आता सात मिनिटे लागतात. झिपेच्या दातांवरून मेणबत्ती घासली की ती अडत नाही. मागची प्लॅस्टिकची खिडकी दुमडताना मध्ये मऊ कापड घालावे, म्हणजे चरे पडत नाहीत. पेटीच्या तळाशी ताडपत्री, दोन पंचे आणि सुतळीचा एक गुंडा असू द्यावा. ओला टप कधीही घडी करून ठेवू नये. त्यास बुरशी धरते आणि शिवण कुजते. घरी आल्यावर तो पूर्ण उघडून, मऊ ब्रशाने धूळ झाडून, सावलीत वाळवावा. आमच्याकडे हे काम मामंजी करतात. खुर्ची टाकून बसतात आणि टप वाळेपर्यंत तेथून हलत नाहीत.