साडेसातशे तास

आयब्रो करायला मी सांगलीत शिकले, एका पार्लरवाल्या काकूंच्या हाताखाली. काकूंच्या भिंतीवर शॉप अ‍ॅक्टचं लायसन्स टांगलेलं होतं. बाई स्वतः काय शिकल्यात, हे सरकारने त्यांना कधी विचारलं नव्हतं. शिकवायला मात्र त्या कडक होत्या. आधी स्वतःच्या पायावर दोरा चालवायचा, मग घरातल्या बायकांच्या हातावर, आणि हात बसल्यावरच गिऱ्हाइकाच्या भुवईला लागायचं. केस मुळापासून न निघता मधेच तुटला, की त्या मुकाट्याने दोरा काढून घेत आणि पुढची भुवई स्वतः करत. त्या शिक्षणाचा कागद नव्हता; होता तो हात.

पुढे डॅलसच्या उपनगरात राहायला आले. ग्रीन कार्ड झाल्यावर मॉलमधल्या एका थ्रेडिंगच्या दुकानात काम मिळालं. मालकीण गुजराती, शेजारच्या खुर्चीवर नेपाळची एक ताई, पलीकडे कराचीची बाई. वॅक्सने कातडी सोलवटते म्हणून कितीतरी अमेरिकन बायका आमच्याकडे वळत होत्या. दोऱ्याचं टोक दातांत धरायची सवय मी तिथे मोडली. कुणाच्या डोळ्यांजवळ वाकून काम करायचं, तर तो दोरा आपल्या तोंडात असू नये, हे माझं मलाच पटलं. तेव्हापासून मी तो मानेभोवती अडकवते.

२००८-०९च्या सुमारास टेक्सासमध्ये थ्रेडिंगच्या दुकानांना नोटिसा येऊ लागल्या. आमच्याकडेही तपासनीस आला. माणूस सभ्य होता; त्याने एकेकीला लायसन्स मागितलं. राज्याच्या हिशेबी भुवईवरचा केस काढणं हे फेशियल करणाऱ्यांचं काम, आणि त्यासाठी साडेसातशे तासांचं प्रशिक्षण लागत होतं. फी साडेतीन हजारांपासून नऊ हजार डॉलरपर्यंत. मालकिणीने आम्हाला बसवून सांगितलं, “बेन, लायसन्सशिवाय आता कुणाला खुर्ची देता येणार नाही.” नेपाळची ताई त्या पगारातून घरी पैसे पाठवत होती. त्या दिवशी ती कुणाशीच बोलली नाही.

मी एका ब्यूटी स्कूलमध्ये चौकशीला गेले. काय शिकवता म्हणून विचारलं. फेशियल, मेकअप, वॅक्सिंग, यंत्रं, रसायनं अशी यादी बाईंनी वाचून दाखवली. “आणि थ्रेडिंग?” त्या म्हणाल्या, “ते आमच्याकडे शिकवत नाहीत.” म्हणजे जे काम मला येत होतं, ते करायची परवानगी मिळवण्यासाठी मी जे करणार नव्हते ते शिकायचं, आणि जे करणार होते त्याबद्दल मला कुणी काही विचारणारही नव्हतं. याचा मला आजही राग येतो. मी एका भारतीय किराणा दुकानात काउंटरवर उभी राहिले.

आशिष पटेल आणि इतर काही थ्रेडिंगवाल्यांनी २००९मध्ये राज्याविरुद्ध दावा लावला. इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस या संस्थेचे वकील त्यांच्या बाजूने उभे राहिले. खालच्या दोन्ही न्यायालयांत ते हरले. २६ जून २०१५ रोजी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच दिवशी वॉशिंग्टनमधून समलिंगी विवाहाचा निकाल आला होता, त्यामुळे टीव्हीवर आमच्या दोऱ्याला जागा नव्हती. बातमी आली ती मालकिणीच्या फोनवरून. साडेसातशेपैकी तीनशेवीसपर्यंत तासांचा थ्रेडिंगच्या कामाशी संबंध नाही, आणि पोटापाण्याच्या कामावर एवढा बोजा राज्यघटनेत बसत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

मला त्या निकालातली दुसरी गोष्टही तितकीच मोलाची वाटते. थ्रेडिंग निर्धोक आहे असं समजून न्यायाधीश मोकळे झाले नाहीत. गजकर्ण, चामखीळ, डोळे येणं, पू भरणारे त्वचेचे संसर्ग हे सगळं न्यायालयापुढे आलं होतं. ते खरंच आहे. दोरा त्वचेवरून ओढताना बारीक ओरखडे पडतात, आणि एकीचा दोरा दुसरीला वापरला तर त्या ओरखड्यांतून काहीही शिरू शकतं. नियम नकोत असं आमच्यातली एकही बाई म्हणत नव्हती.

याच डॅलसमध्ये आयसिस ब्रँटली या कृष्णवर्णीय बाईंना वेण्या घालण्यावरून १९९७मध्ये अटक झाली होती. पुढे त्यांना वेण्या शिकवायची शाळा चालवायची होती, तर राज्याने न्हाव्यांच्या शाळेचे निकष लावले : दोन हजार चौरस फूट जागा, दहा खुर्च्या, पाच सिंक. वेणी घालायला सिंक कशाला? त्या लढल्या आणि २०१५मध्येच जिंकल्या. आयाबायांकडून हातोहात आलेली कला कायद्याच्या ठरीव कप्प्यात बसत नाही, तेव्हा बहुतेक वेळा बाईलाच काम सोडावं लागतं.

नंतर मी फेशियलचं लायसन्स काढलं, पूर्ण साडेसातशे तास भरून. मला केमिकल पील करायचे होते. आम्ल किती वेळ ठेवायचं, कुठल्या त्वचेला ते अजिबात लावायचं नाही, हे शिकल्याशिवाय कुणाच्या चेहऱ्याला हात लावू नये. त्या तासांबद्दल माझी काही तक्रार नाही.

सांगलीला गेले की मी काकूंच्या सुनेच्या पार्लरमध्ये जाते. हात तिचाही उत्तम आहे. पण टॉवेल दिवसभर तोच असतो आणि कात्री पुसून पुन्हा ठेवली जाते. तिथे तपासायला कुणी येत नाही, आणि कुणीतरी यायला हवं असं मला मनापासून वाटतं. गिऱ्हाइकागणिक नवा दोरा, धुतलेले हात, जंतुनाशकात बुडवलेली कात्री, आणि डोळा आलेली बाई दिसली तर तिला समजावून परत पाठवणं, एवढं तपासलं तरी पुरे. हे सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, “मावशी, लिहून द्या, मी भिंतीला लावते.” मी लिहून दिलं, आणि खाली काकूंची जुनी अटही घातली : मुलगी नवी असेल तर आधी स्वतःच्या पायावर.