बर्फातली चाकोरी

'चाकोरीबाहेरचं' हा शब्द म्हणजे आम्हा फ्रीलान्स पत्रकारांचा वरण-भात. चाकोरीबाहेरचं करिअर, चाकोरीबाहेरचं लग्न, चाकोरीबाहेरची ट्रिप... मास कॉमचा कोर्स संपल्यापासून असे किती मथळे दिले असतील, मोजदाद नाही. पण चाकोरी म्हणजे नेमकं काय? बैलगाडीच्या चाकांनी मातीत पडलेल्या दोन समांतर रेघा. पुण्यात वाढलेल्या मला त्या नीट बघायला मिळाल्या जानेवारी २०२५ मध्ये, थेट अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहराच्या एका पार्कमध्ये. बैल नव्हते, माती नव्हती. बर्फ होता, आणि तोही माणसाने बनवलेला!

माझी ताई आणि जिजू तेव्हा मिनिआपोलिसला राहायचे. माझं तिकीट सहा महिने आधी काढलेलं. मी पोचायच्या पंधरा दिवस आधी जिजूच्या कंपनीत कपात झाली आणि त्याची नोकरी गेली. तो 'एच-वन बी' व्हिसावर. नियम असा, की नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने तुमच्यासाठी अर्ज दाखल केला तर ठीक, नाहीतर बॅगा भरा. ताई त्याच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, म्हणजे तिचेही तेच ६० दिवस. फ्रिजवर दूधवाल्याच्या हिशेबासारखं एक कॅलेंडर लटकत होतं. रोज रात्री ताई त्यावर एक फुली मारायची. मी घरात पाऊल टाकलं तेव्हा पंधरा फुल्या होत्या.

अशा घरात पाहुणी म्हणून राहायचं म्हणजे काय टेन्शन असतं, कल्पना करा. जिजू सकाळपासून लॅपटॉपला चिकटलेला. ताई सतत काहीतरी आवरतेय. वर आईचा रोज फोन, "खरं सांग, काय परिस्थिती आहे?" आता तिला काय सांगणार, कप्पाळ!

आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी ताई म्हणाली, "चल, आवर. स्कीइंगला जायचंय."

मी उडालेच. स्कीइंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? गुलमर्ग, उंच डोंगर, केबल कार, रंगीत गॉगल आणि भरपूर पैसा. नोकरी गेलेल्या घरात हे चोचले? पण ताई ज्याला स्कीइंग म्हणत होती ते क्रॉस-कंट्री स्कीइंग. त्यात डोंगराच्या टोकावरून खाली झेपावायचं नसतं. सपाटीवर, छोट्या चढ-उतारांवर स्वतःच्या पायांनी आणि दोन काठ्यांनी घसरत पुढे जायचं. बुटाचा फक्त पुढचा भाग स्कीला अडकवलेला असतो, टाच मोकळी. थोडक्यात काय, तर बर्फावरची संध्याकाळची फेरी. आपण सारसबागेत जातो ना, तशी!

'सारसबाग' म्हणून ताई मला घेऊन गेली ते थिओडोर वर्थ पार्क. मिनिआपोलिसच्या पार्क बोर्डाचं हे सगळ्यात मोठं पार्क, साडेसातशे एकरांच्या आसपास. वर्थ हे मूळचे स्वित्झर्लंडचे. १९०६ ते १९३५ अशी जवळपास तीस वर्षं ते या शहराच्या उद्यान विभागाचे प्रमुख होते. पार्कात गोल्फ कोर्स आहे. उन्हाळ्यात तिथे लोक गोल्फ खेळतात आणि हिवाळ्यात त्याच हिरवळीवरून स्कीच्या वाटा जातात. डाउनटाउनच्या इमारती तिथून दिसतात, इतकं हे शहरात आहे.

पण मी गेले तेव्हा आभाळातून पडलेला बर्फ अगदी नावाला होता. थंडी मात्र हाडं गोठवणारी! सगळीकडे वाळलेलं तपकिरी गवत आणि त्यातून वळणं घेत गेलेला एक पांढराशुभ्र पट्टा, दिव्यांच्या उजेडात चमकणारा. कुणीतरी गवतावर रांगोळीचा डबा उपडा करत गेल्यासारखा. हा बर्फ मशीनचा. दाबाखालचं पाणी आणि हवा एकत्र फवारतात. थंडी पुरेशी असेल तर थेंब जमिनीवर पडायच्या आतच गोठतात. हा बर्फ दाट असतो, त्यामुळे नैसर्गिक बर्फापेक्षा उशिरा वितळतो.

तो नुसता पसरून भागत नाही. दिवसभर लोकांच्या पायांखाली तो उकरला जातो, कडक होतो. म्हणून एक रणगाड्यासारखं मशीन पट्ट्यावरून फिरवतात. ते वरचा थर फोडतं, भुसभुशीत करतं, दाबतं आणि मागे कॉर्डुरॉय पँटसारखी बारीक रेघांची नक्षी सोडत जातं. आणि कडेला, एकमेकींपासून साधारण वीतभर अंतरावर, दोन खोल, समांतर रेघा कापतं. एकीत डावा पाय, दुसरीत उजवा. हीच ती चाकोरी! त्यानंतर काही तास बर्फाला शांत पडू द्यावं लागतं. कण पुन्हा एकमेकांना धरतात, वाट पक्की होते. म्हणून हे काम बरेचदा रात्रीचं. आपण दही विरजण लावून झोपतो, तसंच काहीसं.

पहिल्या दिवशी मी किती वेळा पडले, ते ताईलाच विचारा. माझ्या शेजारून पाच-सहा वर्षांची पोरं सुसाट जात होती आणि मी आडवी! पण एक गोष्ट समजली आणि गाडी रुळावर आली. ही स्की मधोमध किंचित वर उचललेली असते, उलट्या धनुष्यासारखी. त्या मधल्या भागाखाली पकड देणारा पट्टा असतो. कधी मेण, कधी लव असलेलं कापड. मांजराच्या पाठीवरून हात फिरवा. एका बाजूने गुळगुळीत, उलट्या बाजूने अडतो. तसंच ते. एका पायावर शरीराचा सगळा भार टाकला, की तो भाग बर्फाला टेकतो आणि मागे रेटायला आधार मिळतो. भार काढला की तो वर उचलला जातो आणि स्की सुळकन पुढे जाते. दोन्ही पायांवर भीत भीत अर्धा-अर्धा भार ठेवला, तर ना पकड मिळते, ना घसरता येतं. जागच्या जागी पाय मारत राहता.

"पूर्ण टाक," ताई मागून ओरडत होती. "विश्वास ठेव, रेघ आहे खाली!"

चौथ्या दिवशी मला सलग एक किलोमीटर जमलं. पाय, काठी, पाय, काठी. स्कीचा सर्र असा आवाज सोडला तर सगळं शांत. जिजू पुढे होता. त्याने फोन गाडीतच ठेवला होता. पाऊण तास मेल चेक न करणारा जिजू मी त्या पंधरवड्यात फक्त त्या पार्कमध्ये पाहिला.

एका वळणावर ताई थांबली. समोर डाउनटाउनचे दिवे. म्हणाली, "इथला पहिला हिवाळा मी खिडकीत बसून काढला. पाच वाजता अंधार. नोकरी करायची परवानगी नाही. पुण्यात सोळा जणांची टीम सांभाळत होते मी, आणि इथे मला दिवसभरात कुणी विचारणारं नाही. झोप झाली की जेवण, जेवण झालं की झोप. शेजारच्या आजींनी इथे ओढून आणलं म्हणून."

"आणि आता?" मी विचारलं. म्हणजे ६० दिवसांचं काय, असं मला विचारायचं होतं. तिला ते बरोबर कळलं.

"आता काय... माझ्या हातात काहीच नाहीये गं. कोण बोलावेल, कुठे जाऊ, काही माहीत नाही. पण उद्या सहाला इथे दोन रेघा असणार, एवढं नक्की माहितीय. तेवढं पुरतं मला एका दिवसाला."

मग तिने मला २०२४च्या फेब्रुवारीची गोष्ट सांगितली. मिनेसोटात तो नोंदीतला सगळ्यात उबदार हिवाळा. आणि नेमकी त्याच वर्षी याच पार्कात क्रॉस-कंट्री स्कीइंगची वर्ल्ड कप शर्यत! २०२०ची शर्यत कोविडमुळे रद्द झालेली, त्यामुळे सगळं शहर डोळे लावून बसलेलं. अमेरिकेत असा वर्ल्ड कप २३ वर्षांत झाला नव्हता. मशीनच्या बर्फाचा पट्टा सांभाळून ठेवला होता आणि ऐन शर्यतीच्या तोंडावर खरा बर्फही पडला. जेसी डिगिन्स ही इथली घरची पोर, जवळच्या ॲफ्टन गावची. २०१८च्या ऑलिम्पिकमध्ये किकन रँडलबरोबर तिने अमेरिकेला या खेळातलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं होतं. १८ फेब्रुवारीला दहा किलोमीटरच्या शर्यतीत ती तिसरी आली. ताई आणि जिजू त्या गर्दीत ओरडून ओरडून घसा बसवून आले होते. "आणि दुसऱ्या आठवड्यात ज्या चढावर ती पळाली, तिथे मी धापा टाकत होते," ताई हसत म्हणाली. "वानखेडेवर सामना झाल्यावर आपल्याला कुणी बॅट घेऊन आत सोडेल का?"

पाणी आणि वीज खर्चून बर्फ बनवायचा, हे बरोबर का, असा प्रश्न मलाही पडला. पत्रकाराची जात! पण तो पट्टा नसता तर काय, याचंही उत्तर त्या शहरातच आहे. डाउनटाउनमध्ये जवळपास ८० ब्लॉक काचेच्या बंद पुलांनी एकमेकांना जोडलेत, 'स्कायवे' म्हणतात त्यांना. घर ते पार्किंग, पार्किंग ते ऑफिस, ऑफिस ते जेवण... अख्खा हिवाळा बाहेरच्या हवेत श्वास न घेता काढता येतो. सोयीचं आहे, पण तिथे शेजारच्या आजी भेटत नाहीत.

तुम्ही कधी गेलात तर तीन टिप्स. स्की विकत घेऊ नका, ट्रेलहेड नावाच्या इमारतीत भाड्याने मिळतात; वाटेचा पास मात्र घ्या. जाड जॅकेट घालू नका, दहा मिनिटांत घामाघूम व्हाल. पातळ कपडे एकावर एक घाला, कॉटन नको. आणि त्या दोन रेघांवरून बुटांनी चालू नका. पुण्यात नुकत्याच सारवलेल्या अंगणातून कुणी चपला घालून गेलं तर आजी जशी बघायची, तसे लोक बघतात!

आईचा फोन रोज यायचाच. "काय परिस्थिती?" मी सांगायला लागले, "आज दोघांनी पाच किलोमीटर केले." पहिल्यांदा ती चिडली. मग रोज तिकडूनच विचारायला लागली, "आज किती?"

मी परतले तेव्हा कॅलेंडरवर २९ फुल्या होत्या. जिजूला ऑफर आली ४७व्या दिवशी, आणि नव्या कंपनीने अर्ज दाखल केला ५६व्या दिवशी. नोकरी डॅलसला. टेक्सास! तिथे बर्फ म्हणजे बातमी. सामान हलवताना ताईने सोफा विकला, डायनिंग टेबल विकलं. सेकंडहँड घेतलेल्या दोन स्की मात्र डॅलसच्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीनच्या मागे उभ्या आहेत. आई म्हणते, विकून टाक की आता, जागा अडते. ताई म्हणते, राहू देत.