सिंदखेडची दुसरी इमारत

सुलतानपूर हे नाव तुम्ही ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. मेहकरहून लोणारला जाताना ते लागतं. लोणारचं सरोवर बघायला जाणारे लोक इथे फार तर चहाला थांबतात. आमचं आजोळ इथलं, त्यामुळे आमचा मुक्काम असतो. याच जुन्या नागपूर-मुंबई रस्त्याने पुढे बीबी, दुसरबीड करत गेलं की सिंदखेड राजा येतं. शनिवारी मामेभावाची बाईक घेतली आणि दोघं निघालो. दुसरा काही प्लॅन नव्हता :)

सिंदखेडला सगळे जातात ते जिजाऊंच्या राजवाड्यावर. रस्त्याला लागूनच आहे. १२ जानेवारीला इथे लाखो लोक येतात, पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा बरीच गर्दी होती, शाळेची सहल होती, सेल्फी चालू होते. छान वाटलं. कोणीतरी येतंय हे महत्त्वाचं.

पण मला बघायची होती ती दुसरी इमारत. लखुजीराव जाधवांची समाधी. जिजाऊंचे वडील. भली मोठी, दगड-विटांची, वर घुमट. लांबून बघितलं तर मशीद किंवा मकबराच वाटेल. त्या काळातली मराठा सरदारांची इमारत अशीच दिसायची, त्यात नवल नाही. आम्ही पोचलो तेव्हा तिथे एक म्हातारे बाबा आणि त्यांच्या चार शेळ्या, बस्स.

"पुन्याहून आले काय?" बाबांनी विचारलं. शूज बघून ओळखलं असावं.

"हो बाबा. इथे कोणी येत नाही का?"

"समदे वाड्यावर जातात. जलम झाला तिथं जातात मानसं. मेलं तिथं कोन येते?"

तसं बघितलं तर लखुजीराव इथे मेलेच नाहीत. २५ जुलै १६२९ला दौलताबादच्या किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारात त्यांना मारलं. एकट्यांना नाही. अचलोजी आणि राघोजी हे दोन मुलगे आणि यशवंतराव हा नातू, सगळे एकाच वेळी. मुजऱ्याला आलेली माणसं. लढाईत मरणं वेगळं, तिथे निदान हातात तलवार असते. इथे ज्याची चाकरी केली त्याच्याच घरात बोलावून घात.

कारण? संशय. लखुजीराव आधी निजामशाही सोडून मोगलांकडे गेले होते, मग परत आले होते. त्या काळात हे काही विशेष नव्हतं. आपण नाही का तीन वर्षांत दोन कंपन्या बदलतो, आणि जुन्या कंपनीने परत बोलावलं तर जातोही. फरक एवढाच की आपल्या मॅनेजरच्या मनात संशय आला तर फार तर अप्रेझल खराब होतं. असो.

शाळेच्या पुस्तकात हे एका ओळीत संपतं. लखुजींची हत्या झाली, पुढचा मुद्दा. इथे पायरीवर बसून मी साधं गणित केलं. जिजाऊंचा जन्म १५९८चा. म्हणजे १६२९ला त्या ३१ वर्षांच्या. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या. शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३०चा, म्हणजे बातमी आली तेव्हा दिवस जेमतेम राहिलेले. आणि एका दुपारी वडील, दोन भाऊ, भाचा. त्यातून जाधव आणि भोसले यांच्यातलं वैर. खंडागळ्यांचा हत्ती उधळला त्या भांडणात जिजाऊंचा भाऊ दत्ताजी आणि भोसल्यांकडचा संभाजी दोघेही मारले गेले होते. माहेर आणि सासर यांच्यात रक्त सांडलेलं, आता माहेरच गेलं. रडायचं तरी कोणाजवळ?

वर लगेच १६३०चा दुष्काळ. दोन वर्षं दख्खन उपाशी मेलं. शहाजीराजे निजामशाही सोडून मोगलांकडे गेले. ज्याने हे केलं तो मुर्तजा निजामशहाही सुटला नाही, दोन-तीन वर्षांत मलिक अंबरच्याच मुलाने, फत्तेखानाने त्याला संपवलं. १६३६ला निजामशाहीच बुडाली. मला या हिशेबाने बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. त्याने अचलोजी-राघोजी परत येत नाहीत.

या तालुक्याचं नाव टीव्हीवर दिवसभर दिसलं ते १ जुलै २०२३ला. समृद्धी महामार्गावर, पिंपळखुट्याजवळ, नागपूरहून पुण्याला निघालेली बस रात्री जळाली. २५ माणसं गेली. विदर्भातली आमची सगळी पोरं अशाच बसने पुण्याला जातात. त्या सकाळी आईने मला सात फोन केले होते, मी तर पुण्यातच झोपलेलो. दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात २४ जणांवर एकत्र अंत्यसंस्कार झाले.

समाधीच्या आवारात २०२४ला पुरातत्त्व खात्याचं काम चालू असताना खाली जुनं मंदिर लागलं आणि शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली. त्यामुळे काही दिवस इथेही गर्दी झाली म्हणे. बाबांना विचारलं.

"आल्ते ना. मूर्ती पाहून गेले," बाबा म्हणाले. "राजाले कोनी नाही इचारलं."

मामेभाऊ बारावीत आहे. तो इतका वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, भाचा म्हणजे यशवंतराव, तो किती वर्षांचा होता?"